नाव निवृत्त करणेबाबत

नाही नाही, आधी बसा. उभं राहून इथे काही होत नाही — बसूनही फारसं होत नाही म्हणा, पण निदान पाय दुखत नाहीत. ती नको, ती कोपऱ्यातली डुलते, ही घ्या खुर्ची. अर्ज राहू द्या तिथेच, पेपरवेटखाली. वाचतो ना, वाचल्याशिवाय कुठे जातोय, पण आधी तुम्हाला नियम सांगतो. माझा अनुभव असा आहे ताई, की नियम ऐकले की निम्मे लोक अर्ज आपणहून परत घेऊन जातात — मग मला चष्मा शोधावा लागत नाही आणि त्यांना आशा लागत नाही, दोघांचंही भलं. खालून पाठवलं ना तुम्हाला? तिसरा मजला, पाण्याच्या टाकीशेजारची खोली, असंच सांगितलं असणार, कारण पाटी नाहीच. आपल्या समुद्रात उठणाऱ्या प्रत्येक वादळाला नाव देणारी खोली, आणि खोलीला नाव नाही. हसा, हसायला हरकत नाही. लोक आम्हाला नावं ठेवतात आणि आम्ही वादळांना. एकोणतीस वर्षं झाली, हेच चाललंय.

तर हे कपाट. ह्यात सहा फाइली. एका वर्षाला एक फाइल, सहा वर्षं झाली की सातव्या वर्षी पुन्हा पहिली — रहाटगाडग्यासारखं. प्रत्येकीत एकवीस नावं, अक्षरांच्या क्रमानं, एक बाईचं, एक पुरुषाचं, एक बाईचं, एक पुरुषाचं. पूर्वी नुसती बायकांचीच असायची. मग बायकांनी तक्रार केली, की घरं पाडणाऱ्या आम्हीच का, आणि समितीनं चार बैठकांत ती मान्य केली. पाचव्या बैठकीत पुरुष सदस्य विचारायला लागले, की मग आम्हीच का. आणि अक्षरं तरी सगळी कुठे चालतात? 'ण'वरून कोणाचं नाव ठेवणार? 'ळ'वरून तर आजवर कोणी जन्मालाच आलेलं नाही. 'ठ'साठी एका सदस्यांनी 'ठोंब्या' सुचवलं होतं, नंतर कळलं की त्यांच्या मेव्हण्याला घरात तसं म्हणतात. आता तुम्हीच सांगा, 'ठोंब्या आज दुपारी किनाऱ्यावर धडकेल' असं ऐकून कोणी घर सोडून हललं असतं का? 'ठ' वगळला.

पत्रं काय येतात म्हणून सांगू. एक गृहस्थ आहेत, दर वर्षी सासूबाईंचं नाव पाठवतात, सोबत फोटो. मी दर वर्षी उत्तर देतो की सूचना विचाराधीन आहे. सासूबाई गेल्या तीन वर्षांपूर्वी, पत्र अजून येतंच. तुमचं तसं काही नाही ना? नाही, चेहऱ्यावरून वाटत नाही. तुमचं निवृत्तीचं प्रकरण आहे, खालच्या माणसानं वर लाल खूण केलीये, दिसतंय मला इथूनच.

मग निवृत्तीचं ऐका. वादळानं फार नुकसान केलं, तर ते नाव यादीतून कायमचं काढतात, पुन्हा कुठल्याच वादळाला देत नाहीत — ह्याला म्हणायचं निवृत्ती. बाहेर पॅसेजमध्ये फोटो बघितलेत ना, उपग्रहातून काढलेले, पांढरे भोवरे, खाली नावं? ते निवृत्त. माझ्या हाताखाली सतरा नावं निवृत्त झाली. माणूस निवृत्त झाला की भिंतीवरचं घड्याळ आणि दोन भाषणं, मग दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा; वादळाचा फोटो लागतो. जेवढं जास्त पाडलंस, तेवढी मोठी फ्रेम. फॉर्म आहे त्याला, दहा रकाने — मृत, बेपत्ता, घरं, पिकं, वीज, आणि शेवटचा रकाना 'इतर'. समिती वर्षातून एकदा बसते आणि रकाने बघते. नियमात आकडा लिहिलेला नाही, किती मेले म्हणजे निवृत्ती — तेवढी मोकळीक ठेवलीये. एकदा एक वादळ झालं, तीन माणसं गेली, पण समुद्रकाठच्या सगळ्या हॉटेलांची छपरं उडाली, आणि हॉटेलवाल्यांनी वकील लावून फॉर्म भरला. गिऱ्हाईक ते नाव ऐकलं की खोली रद्द करतं, म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात खास बैठक, आणि निवृत्त. आणि त्याच्या आदल्या वर्षी बेटांवर चाळीस जण गेले होते. ते नाव अजून यादीत आहे, दोन नंबरच्या फाइलीत, कारण बेटावरून फॉर्मच आला नाही. मी चौकशी केली, तर पोस्टमन वाहून गेला होता. तेव्हा ताई, आशेवर बसू नका. एखादं घर पडलं, एखादं माणूस गेलं, तर समिती त्याला — कसं सांगू — समिती त्याला हवामान म्हणते.

पाणी हवंय? तिकडे माठ नाही, बाटली आहे. घ्या. तीन जिने चढून आलात. बाहेर वारा काय सुटलाय बघा — खिडकीच्या त्या फटीत मी घडी करून कागद घातलाय तरी शिट्टी वाजतेच. खाली दाराशी फळा बघितलात ना येताना? 'पट्टा क्रमांक सोळा.' आमच्यात असं असतं — समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की त्याला आधी नुसता क्रमांक, आणि वारा ताशी त्रेसष्टच्या वर गेला की मग नाव. त्रेसष्टच्या आत तो निनावी. सकाळी अठ्ठावन्न होता हा सोळा नंबर. आज संध्याकाळी म्हणा, उद्या म्हणा, नाव द्यावं लागणार, आणि यादीत आता पुढचं नाव कुठलं आहे माहितीये? — नाही, मी उच्चारत नाही, 'र'वरून आहे एवढंच सांगतो. ह्या कचेरीत ते कोणी उच्चारत नाही, नुसतं 'र' म्हणतात. भीतीनं नाही हो, अदबीनं. ते आमच्या बाईसाहेबांचं नाव आहे. मोठ्या साहेबांच्या पत्नी.

गंमत आहे ती. सांगतो, तुम्हाला घाई नाही ना? मला तर इथे दिवसाकाठी एक माणूस भेटत नाही. बारा वर्षांपूर्वी 'र'चं जुनं नाव निवृत्त झालं आणि त्या जागी नवं हवं होतं, बाईचं, 'र'वरूनच. समितीनं चार वर्षांत सात बैठका घेतल्या, जमेना. एक नाव देवीचं म्हणून नको, एक नटीचं म्हणून नको, एक सदस्याच्या मोडलेल्या लग्नातलं म्हणून नको. मग मी, इथलाच एक साधा कारकून, चहाचे कप उचलता उचलता म्हणालो, की मोठ्या साहेबांच्या घरात 'र'वरून एक फार सुरेख नाव आहे. खोटं कशाला बोलू, माझी बढती अडली होती. साहेब लाजले. म्हणजे आधी लाजले, मग सही केली. चार महिन्यांनी मी हेडक्लार्क झालो. तो योगायोग.

आणि बाईसाहेब काय खूष. त्यांच्या महिला मंडळात त्यांनी सांगून टाकलं, की माझ्या नावाचं वादळ येणार आहे. दोन वर्षांनी त्या फाइलीची पाळी आली. पण 'र' पडतं यादीत शेवटाकडे, बहुतेक वर्षी तिथवर पोचतच नाही, वादळं आधीच संपतात. त्या वर्षी मात्र एकामागून एक, एकामागून एक, आणि मोसम संपता संपता 'य' होऊन गेलं. पुढचं 'र'. बाईसाहेब रोज फोन करायच्या, काही आहे का म्हणून. बाळंतिणीच्या घरी करतात तसा.

मग तो दिवस उजाडला. सकाळी नऊ वाजता आमची अंदाज सांगणारी मुलगी — हुशार, पण चटकन तापायची, म्हणून आम्ही तिला 'पारा' म्हणायचो — धावत जिना चढून आली, हातात चिठ्ठी, सहासष्ट. त्रेसष्टच्या वर. 'नाव द्या,' म्हणाली. मी लगेच बुलेटिन टाइप केलं, नाव घातलं, वेळेची जागा तेवढी कोरी ठेवली आणि साहेबांकडे सहीला नेलं. साहेबांनी पेन उघडलं. आणि मग त्यांना वाटलं, आधी घरी गोड बातमी द्यावी. फोन लावला. मी समोरच उभा. बाईसाहेबांनी विचारलं असणार, की केवढं आहे, कारण साहेब म्हणाले, 'अगं, लहानसंच आहे, रात्रीपर्यंत विरून जाईल.' आणि पलीकडून जे काही सुरू झालं ना ताई — तीन हातांवरून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. 'म्हणजे उद्या पेपरात काय छापून येणार? अमकी विरली? अमकीचा जोर ओसरला? अमकी फुसकी निघाली? मंडळातल्या बायकांना मी तोंड कसं दाखवू? हे द्या दुसऱ्या कोणाला तरी, माझं पुढच्या मोठ्याला द्या.' आता क्रम तर मोडता येत नाही, साहेब नियमाचे पक्के. फोन ठेवून त्यांनी पेनाला टोपण लावलं, बराच वेळ छताकडे बघितलं, आणि म्हणाले, 'मग हे वादळच नाही.'

नाही, हे तर काहीच नाही, पुढे ऐका. पारा म्हणाली, सहासष्ट आहे. साहेब म्हणाले, 'एकाच यंत्राचा आकडा आहे तो, दुसरं यंत्र काय म्हणतं?' दुसरं यंत्र दोन महिने बिघडलेलं, ते शून्य म्हणत होतं. साहेब म्हणाले, 'सरासरी काढा.' तेहतीस. तेहतीसला कोणी नाव देतं का? पारा म्हणाली, 'साहेब, नाव द्यायला वारा लागतो, मुहूर्त नाही.' साहेब म्हणाले, 'तुमचं काम मोजायचं, मोजत राहा.' तिनं बारा वाजता मोजलं, एक्काहत्तर. सरासरी साडेपस्तीस. ह्या वेळी तिनं चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली — तुम्ही आत्ता बघताय ना, तशीच. बुलेटिन ह्याच ड्रॉवरमध्ये होतं. तयार. तीन वाजता आमच्या सायकल स्टँडचे पत्रे उडाले आणि त्यातला एक साहेबांच्या गाडीच्या काचेवर बसला. तीन-वीसला सही झाली.

नुकसान? नुकसान काही विशेष नाही. काच, पत्रे, किनाऱ्यावरची चार झाडं. आणि एक होडी. बंदराचा नियम आहे — वादळाला नाव पडलं की खाडीवरची फेरी बंद, नुसत्या क्रमांकाला फेरी चालू. क्रमांकावर कोण फेरी बंद करणार, वर्षभर क्रमांक असतातच. त्या होडीवाल्यानं दिवसभर फेऱ्या मारल्या, शेवटची शाळेतल्या मास्तरणींची, सहाजणींना पलीकडे नीट उतरवलं आणि रिकामी होडी घेऊन परत येत होता. तीन वाजून दहा मिनिटांनी, असं बंदरावरच्या माणसानं लिहून दिलं. दहा मिनिटांचाच फरक — म्हणजे, सकाळपासून धरला तर सहा तासांचा, पण कागदावर दहाच. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कोणीतरी म्हणालं, 'नाव द्यायला उशीर झाला आणि नाव बुडाली.' कोटी बघा — हे नाव आणि ती नाव. नाही हसलात. वाईटच आहे. मीच केली होती. सगळे हसले होते तेव्हा. पारा सोडून.

मग वरून पत्र आलं, की पहिली नोंद किती वाजताची ते कळवा. साहेब मला म्हणाले, रजिस्टर जरा नीट करा. आता सरकारी रजिस्टरचं पान फाडणं गुन्हा आहे, तो मी केला नाही, कधीच करणार नाही. मी वर दुसरं पान चिकटवलं. डिंकानं. फाडणं वेगळं, चिकटवणं वेगळं. नव्या पानावर पहिली नोंद, दुपारी तीन. पाराची बदली झाली डोंगरातल्या केंद्रावर, तिथे ती दव मोजते. किती वेगानं पडतं कोण जाणे. साहेब आता समितीचे अध्यक्ष आहेत. त्या वर्षी 'र'च्या निवृत्तीचा विषयच निघाला नाही. निघाला असता तर चौकशी निघाली असती, आणि बाईसाहेबांनाही ते नको होतं, त्यांना अजून आशा आहे, मोठ्याची. सहा वर्षं थांबल्यात. आज पाळी आलीये.

असो. फार बोलतो मी, माझी बायको म्हणते, तुमच्या तोंडाला दार आहे, कडी नाही. आणा तो अर्ज. चष्मा — हा इथेच होता. बघू. 'विषय: वादळाचे नाव निवृत्त करणेबाबत.' छान, अक्षर सुरेख आहे तुमचं. 'महोदय, सहा वर्षांपूर्वी आलेल्या —'

अं.

'— आलेल्या ह्या वादळात माझे पती, जे खाडीवर फेरीची होडी चालवत —'

थांबा. मी मनात वाचतो.

…

'माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, आता आठवीत आहे. वादळाच्या दिवसांत शाळेत दर तासाला इशारा वाचून दाखवतात. यंदा तेच नाव पुन्हा यादीत असल्याचे कळले. ते नाव तिच्या वर्गात दर तासाला वाचले जाऊ नये, एवढीच विनंती आहे. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. वादळ अचानक आले, त्यात कोणाचा दोष नव्हता, हे आम्ही जाणतो.'

ताई, तुम्ही आधी सांगायला हवं होतं.

हो, अर्जात लिहिलंय, खरं आहे. मीच नाही वाचला. पण तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या एक शब्द टाकला असता, तर मी — हे बघा, मी जे बोललो ते काही सगळं तसंच झालं असं नाही. कचेरीत लोक बोलतात, मीठमिरची लावतात, एकोणतीस वर्षं एका खोलीत बसलं की माणसाला रंगवून सांगायची सवय लागते. सरासरी खरी काढली होती का? तेवढं खरं आहे. फोन? फोन झाला होता. डिंकाचं — डिंकाचं मी कशाला बोललो कोण जाणे. तुम्ही असं करा, तुमचं काम मी करतो, मनापासून करतो. हा फॉर्म. 'मृत' — एक. एकावर नाही होणार, ते मघाशी सांगितलं तुम्हाला. पण ह्या एकावर मी एक शून्य देतो. दहा. दहा झाले की समिती थांबून बघते. कोण मोजायला जातंय सहा वर्षांनी? तुमच्या मुलीच्या कानावर ते नाव पुन्हा कधी पडणार नाही, माझा शब्द — नको? एकच होते म्हणता. हो. एकच होते.

अर्ज कशाला परत घेताय? पेन हवंय? हे घ्या. नाही, तेवढं वाक्य खोडू नका. ताई, ऐका माझं, तेवढं फार चांगलं वाक्य आहे, 'कोणाचा दोष नव्हता' — अख्ख्या अर्जात तेच एक वाक्य असं आहे की ज्याच्यावर कोणी शेरा मारला नसता. खोडलंत. ठीक आहे. खाली काय लिहिताय? 'त्या दिवसाच्या रजिस्टरचे पान, खालचे, पाहण्यास मिळावे.' खालचे. बरोबर शब्द वापरलात. साहेब मला —

थांबा, फोन वाजतोय. खालचा आहे.

हॅलो. हो, तिसरा मजला. किती? … पुन्हा सांग. पासष्ट. दोन्ही यंत्रांवर? बरं. बुलेटिन — हो, आहे तयार, सकाळीच टाइप करून ठेवलंय. साहेब जेवायला घरी गेलेत. सहीशिवाय कसं सोडू? लावतो त्यांना. तू थांब. नाही, अजून नाव नाही दिलेलं. थांब म्हटलं ना.

साहेबांचा नंबर लागत नाही. बिझी. बाईसाहेब बोलत असतील. पुन्हा लावतो. … बिझीच. दहा मिनिटं बघू, साहेब दोन वाजेपर्यंत येतातच — बसा ना तुम्ही, उभ्या का राहिलात? काय? मोठ्यानं बोला, वाऱ्यात ऐकू येत नाही. नाव द्या? तुम्ही म्हणताय? अहो तेच नाव आहे, 'र'च, दुसरं देता येत नाही, क्रम आहे. आत्ता दिलं तर पुढच्या तासाला शाळेत वाचतील. तुमच्या मुलीच्या शाळेत. तेच तर नको म्हणून आलात ना तुम्ही? — हो, फेरी चालू असेल अजून. पासष्टला अजून नुसता क्रमांकच आहे ना बाहेर. दुपारची फेरी, हो, भरलेली असते.

कोण चालवतं आता? तुमचे दीर. बरं.

सहीचं काय आहे — म्हणजे तसा नियम आहे. साहेब जागेवर नसतील आणि तातडी असेल, तर ह्या खोलीचा हेडक्लार्क स्वतःच्या नावानं बुलेटिन सोडू शकतो. अकरावा नियम. नंतर उत्तर द्यावं लागतं, लेखी. कोणी कधी वापरला नाही, पण आहे.

नाही, हा नवीन नाही. जुना आहे.

हो. तेव्हाही होता.

असं बघू नका ना ताई. साहेब तेव्हा जागेवर होते, तो मुद्दा वेगळा — नाही, तेही नाही, बारानंतर साहेब जेवायला गेले होते, पाऊण तास. पाऊण तास मी ह्याच खुर्चीवर होतो, ड्रॉवरला हात लावून. ह्या कपाटाची चावी तेव्हाही माझ्याच खिशात होती. हेडक्लार्कची.

हॅलो. तिसऱ्या मजल्यावरून बोलतोय. लिहून घे. पट्टा क्रमांक सोळा, वारा पासष्ट, नाव देण्यात येत आहे. नाव — पूर्ण सांगतो, लिही. नुसतं 'र' नाही, पूर्ण. … झालं लिहून? वाच परत. … हो, हेच. बंदराला आधी फोन कर, रेडिओला नंतर. बंदराला आधी. वेळ, एक-पस्तीस. सही साहेबांची नाही, माझी. हो, माझ्याच नावानं. शुद्धलेखन बघ, माझ्या नावातली वेलांटी लोक चुकवतात.

ऐकू आला का भोंगा? बंदराचा आहे. लवकर वाजवला.

हा तुमचा अर्ज, ह्यावर पोचेची सही केलीये, खाली नाव आहे माझं, तारीख आहे. रजिस्टर त्या खालच्या फळीवर आहे, पण आत्ता काढत नाही, साहेब येतील इतक्यात आणि मला त्यांच्याशी बोलायचंय. सोमवारी या. डिंक जुना झालाय, वाफेवर सुटेल पान, फाटणार नाही. — नाही, माझं काय ते मी बघतो, तुम्ही निघा. फेरी बंद झाली, पुलावरून जावं लागेल तुम्हाला, लांब पडेल. शाळेवरून जा, मुलीला बरोबर घ्या. जा तुम्ही.